दोन कॅनरी माद्यांचा विणीचा हंगाम

यंदा आमच्याकडच्या दोन्ही कॅनरी माद्यांनी अंडी घातली. पिवळ्या मादीची पिल्ले आता स्वतःचे दाणे स्वतः फोडून खात आहेत. हिरवट मादीला अंडे अडकल्यामुळे पशुवैद्यकांकडे न्यावे लागले होते, तीही आता ठणठणीत आहे. ज्यांच्याकडची मादी पहिल्यांदाच घरटे करू लागली आहे त्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज यावा, म्हणून सगळा क्रम लिहून काढत आहे. माझे मत आधीच सांगते: अंडे पडण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत माणसाला भरपूर काम असते आणि अंडे पडल्यानंतर बहुतेक वेळा लांबूनच पाहायचे असते, मात्र एक प्रसंग असा असतो की तेव्हा वाट पाहणे पक्ष्याच्या जिवावर बेतते.

तयारी डिसेंबरात सुरू झाली ती दिव्यापासून. कॅनरी हा मूळचा कॅनरी बेटे, मदेइरा आणि अझोर्स या बेटांवरचा पक्षी, आणि दिवस मोठा होऊ लागला की विणीची वेळ आली हे त्याच्या शरीराला उजेडावरून कळते. माणसांच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात, त्यामुळे हा हिशेब बिघडतो आणि मादी भलत्याच महिन्यात अंडी घालू लागते. म्हणून पिंजऱ्यांवरच्या दिव्याला टायमर लावला, दहा तासांच्या उजेडापासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटे ते अर्धा तास वाढवत मार्चपर्यंत तो चौदा तासांवर नेला. दिवा एकदम विझू नये, हळूहळू मंद होत जावा, ही काळजी पुढे फार उपयोगी पडते. अंड्यांवरून उठून दाणे टिपायला गेलेली मादी अचानक अंधार झाल्यास घरट्यापर्यंत पोहोचू शकत नाही आणि अंडी रात्रभर थंड पडतात.

जानेवारीत दोघींना तपासून घेतले. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधण्यातच बरेच दिवस गेले, कारण पहिल्या दोन ठिकाणी फक्त कुत्री आणि मांजरे पाहतात असे उत्तर मिळाले. शेवटी जिथे वेळ मिळाली तिथेही जवळजवळ दोन आठवडे थांबावे लागले. ही शोधाशोध अंडे अडकल्यावर करायची नसते, एवढे मात्र आवर्जून सांगते. डॉक्टरांचा नंबर, रात्री संपर्क कसा करायचा आणि रुग्णाच्या नोंदीचा क्रमांक हे सगळे मी तेव्हाच पिंजऱ्याजवळ चिकटवून ठेवले. नोंदणीच्या फॉर्ममध्ये पक्ष्याची जात, वय, पायातल्या रिंगचा क्रमांक, रोजचा आहार आणि याआधी अंडी घातली आहेत का, असे रकाने होते. पिवळी २१ ग्रॅम भरली आणि हिरवट १८. विष्ठेची तपासणी झाली, वाढलेली नखे कापली. वाढलेल्या नखाने अंड्याला भोक पडते, कधी नखात अडकून पिल्लूही घरट्याबाहेर ओढले जाते, हे मला तिथेच कळले.

त्याच सुमारास पिल्लांसाठी रिंगा मागवल्या. पायात घालायच्या या बंद, म्हणजे सांधा नसलेल्या, रिंगांवर वर्ष, पाळणाऱ्याचा क्रमांक आणि पक्ष्याचा अनुक्रमांक कोरलेला असतो आणि त्या पक्षीपालकांच्या संघटनेमार्फत मिळतात. सभासदत्वाचा अर्ज, वार्षिक शुल्क, मग जातीनुसार रिंगेचे माप नमूद करून मागणीपत्र, अशी ही पायरीपायरीने चालणारी प्रक्रिया आहे आणि रिंगा हातात पडायला काही आठवडे लागतात. अंडी पाहून अर्ज करणाऱ्याची पिल्ले रिंगा येईपर्यंत मोठी झालेली असतात, कारण रिंग चढवण्याची मुदत जेमतेम दोन-तीन दिवसांची असते. खर्चाचे म्हणाल तर दाणे आणि घरट्याचे साहित्य यांना फारसे लागत नाही. टायमरचा दिवा, मधली जाळी सरकवता येणारा मोठा पिंजरा आणि डॉक्टरांची फी यांतच बहुतेक पैसे गेले.

आहाराबाबत मी सर्वांत जास्त लक्ष कॅल्शियमवर दिले. वीस ग्रॅमची मादी सुमारे दोन ग्रॅमचे अंडे घालते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दहावा हिस्सा, आणि तेही ओळीने तीन-चार दिवस. कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिला खाण्यातून आणि हाडांतल्या साठ्यातून काढावे लागते; ते कमी पडले तर कवच मऊ राहते, शिवाय अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचा जोरही कमी पडतो. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस (माकुळाचे पांढरे, ठिसूळ हाड) कायम टांगलेला होता आणि उकडलेल्या अंड्याची टरफले ओव्हनमध्ये भाजून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवली होती. काचेतून येणाऱ्या उन्हात अतिनील किरणांचा हवा तो भाग उरत नाही, त्यामुळे घरातल्या पक्ष्याला डी-३ जीवनसत्त्व आहारातून द्यावे लागते. ते किती द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिले, कारण त्याचा अतिरेकही घातक असतो. कॅनरी सीड, कारळे, राळे अशा नेहमीच्या मिश्रणासोबत फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा आणि नंतर रोज कडक उकडलेले अंडे कुस्करून, पावाच्या कोरड्या चुऱ्यात कालवून देऊ लागले. हे खाणे तासा-दोन तासांत उचलावे. आंबलेल्या अंड्याने पक्षी एका दिवसात आजारी पडतो.

घरटे लावण्यापूर्वी लाल माइट या बारीक परजीवींचा बंदोबस्त करणे अत्यावश्यक आहे. हे जीव दिवसा दांड्यांच्या टोकांत आणि पिंजऱ्याच्या सांध्यांत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. घरट्यात शिरले तर पिल्ले रक्तक्षयाने मरतात. रात्री पिंजऱ्यावर पांढरे कापड टाकून सकाळी त्याच्या घड्या पाहायच्या, लालसर ठिपके हलताना दिसले की समजायचे. आमच्याकडे काही निघाले नाही, तरी दांड्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस पिवळीची लक्षणे बदलली. ती तळाचा कागद फाडून चोचीत घेऊन फिरू लागली, मध्येच स्वतःचे गळलेले पीस उचलून दांडीवर ठेवू लागली. नर मधल्या जाळीपलीकडे होता. त्याचे गाणे वाढले, आणि एके दिवशी तो जाळीतून तिला भरवताना दिसला. ती पंख थरथरवत, अंग खाली दाबून चोच उघडत होती. जाळी काढायची वेळ हीच. त्याआधी दोघांना एकत्र सोडले तर भांडणे होतात, आणि तयार नसलेल्या मादीला नर किंवा अनोळखी नराला मादी चांगलीच टोचते.

घरट्यासाठी सुमारे दहा सेंटीमीटर व्यासाचे वाटीच्या आकाराचे भांडे आत फेल्ट शिवून टांगले आणि शेजारी तागाचे व कापसाचे आखूड कापलेले तंतू ठेवले. लांब दोरे टाळावेत, ते पायाला गुंडाळून बोट काळे पडते. पिवळीने पहिले दोन दिवस घरटे भरले, तिसऱ्या दिवशी सगळे उपसून खाली टाकले आणि पुन्हा सुरुवात केली. पाहणाऱ्याला वाटते की काही बिनसले. तसे काही नसते. घरटे खरोखर आकार घेते तेव्हा मादी आत बसून छाती खाली दाबते, पायांनी मागे रेटते आणि थोडे थोडे वळत पुन्हा दाबते, त्यामुळे तळ तिच्या अंगाच्या मापाने गोल आणि खोल होतो. ते तिचे तिलाच जमते. माणसाने हातांनी बसवून दिलेले अस्तर तिने एका सकाळीत उचकटले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती पाणी जास्त पिऊ लागली, समुद्रफेस खरवडू लागली आणि पोटाचा मागचा भाग फुगलेला दिसू लागला. पहिले अंडे सकाळी लवकर पडले: फिकट निळसर हिरवे, जाड टोकाकडे तपकिरी ठिपके. कॅनरी साधारणपणे रोज एक अंडे घालते आणि एका वेळी तीन ते पाच, बहुधा चार. पहिल्या अंड्यापासूनच ती बसू लागली तर पहिले पिल्लू शेवटच्यापेक्षा तीन दिवसांनी मोठे निघते आणि धाकटे मागे पडते. म्हणून बरेच पाळणारे अंडे उचलून त्या जागी प्लास्टिकचे खोटे अंडे ठेवतात आणि चौथे पडले की सगळी खरी अंडी एकदम परत ठेवतात. हे करू नये असे मानणारेही आहेत, आणि घरट्याजवळ हात नेलेला ज्या मादीला अजिबात खपत नाही तिच्या बाबतीत त्यांचे बरोबर आहे. पिवळी शांत होती, म्हणून मी अदलाबदल केली. उचललेली अंडी बोटांनी न धरता प्लास्टिकच्या चमच्याने घेतली, दाण्यांनी भरलेल्या डबीत थंड खोलीत ठेवली आणि दिवसातून दोनदा हलकेच फिरवली. चौथे अंडे पडले त्या सकाळी सगळी परत गेली आणि उबवणीचे दिवस तिथून मोजले.

याच आठवड्यात दुसरीकडे हिरवट मादीचे प्रकरण उभे राहिले. तिची जोडी लावलेली नव्हती; ती शेजारच्या पिंजऱ्यात एकटी होती. परंतु नराचे गाणे, वाढता उजेड आणि सकस खाणे तिच्यापर्यंतही पोहोचत होतेच, आणि कॅनरी मादीला अंडे घालण्यासाठी नराची गरज नसते. तीही कागद फाडू लागली तेव्हा डॉक्टरांना फोनवर विचारून तिलाही घरटे आणि कॅल्शियम दिले होते. एका थंडगार रात्रीनंतरच्या सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात पिसे फुगवून बसलेली दिसली. डोळे अर्धवट मिटलेले, पाय फाकलेले, प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत होती, आणि मधूनच ती जोर करत होती पण काही बाहेर येत नव्हते.

अंडे अडकण्याची हीच लक्षणे. त्यातही तळाशी बसणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण निरोगी कॅनरी दिवसा पिसे फुगवून जमिनीवर बसून राहत नाही. अशा वेळी पोट दाबून अंडे काढायचा प्रयत्न कधीही करू नये. आत अंडे फुटले तर कवचाच्या कडांनी जखमा होतात आणि मादी दगावते. तेल सोडण्याचा घरगुती उपायही आमच्या डॉक्टरांनी स्पष्टपणे नको म्हणून सांगितला. मी तिला छोट्या डब्यात मऊ कापडावर ठेवले, डब्याच्या एकाच बाजूला उष्णता दिली म्हणजे नको वाटल्यास तिला सरकता येईल, आतले तापमान ३० अंशांच्या आसपास राखले, दमटपणासाठी ओला स्पंज ठेवला आणि फोन केला.

“किती वाजता पाहिलीत?” डॉक्टरांनी विचारले.

“साडेसहाला. त्याआधी कधीपासून बसली आहे ते सांगता येणार नाही.”

“मग वाट पाहू नका, तशीच डब्यासकट घेऊन या. वाटेत डबा उघडून बघू नका.”

क्ष-किरण तपासणीत पूर्ण कवच चढलेले अंडे दिसले. कॅल्शियमचे इंजेक्शन, द्रव आणि उबदार दमट पेटी, असा उपचार होता. संमतीपत्रावर सही करताना त्यातले एक वाक्य दोनदा वाचावे लागले: उपचारादरम्यान पक्षी दगावू शकतो. एवढ्याशा जिवाला हाताळण्याचा ताणही सोसत नाही, हे तिथल्या सहायकांनी समजावून सांगितले आणि मग मला बाहेर बसायला लावले. दुपारी फोन आला की अंडे आपोआप पडले. पहिलेच अंडे, कोवळे वय आणि अचानक पडलेली थंडी, या तिन्हींचा मेळ डॉक्टरांनी कारण म्हणून सांगितला. कॅल्शियम देऊनही असे घडू शकते, असेही ते म्हणाले.

घरी आल्यावर तिचे अंडे घालणे थांबवायचे होते. अंडी उचलून टाकली तर मादी तेवढी अंडी पुन्हा भरून काढायला बघते, म्हणून उलट तिच्या घरट्यात खोटी अंडी ठेवली. तिला नराचे गाणे ऐकू जाणार नाही अशा खोलीत हलवले, उजेड दहा तासांवर आणला आणि अंड्याचे खाणे बंद केले. कॅल्शियम मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे चालू ठेवले. पुढचे एक अंडे नीट पडले, नंतर ती खुडूक बसली. सुमारे अडीच आठवड्यांनी तिचा त्या अंड्यांतला रस संपला तेव्हाच घरटे काढले.

इकडे पिवळी पोटावरची पिसे गळून उघड्या पडलेल्या गरम कातडीने अंडी उबवत होती. हे काम फक्त मादी करते. नर तिला घरट्यात आणून भरवतो. या तेरा-चौदा दिवसांत मी ताजे पाणी, दाणे आणि तळाचा कागद एवढेच बघितले. अंघोळीचे भांडे रोज ठेवले, कारण ओल्या पिसांनी ती परत बसते तेव्हा अंड्यांना हवा तो दमटपणा मिळतो. सातव्या दिवशी, ती खायला उठली असताना, बारीक टॉर्च लावून अंडी तपासली. तीन अंड्यांत लाल शिरांचे जाळे स्पष्ट दिसत होते, एक स्वच्छ होते, म्हणजे त्यात जीव धरला नव्हता. ते अंडे आतच राहू दिले. पहिल्या दिवसांत पिल्लांना टेकायला आधार मिळतो आणि आई त्यांच्यावर पूर्ण भार टाकत नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी तळाशी कवचाचा अर्धा तुकडा पडलेला दिसला. आणखी काही पाहण्याची गरज नव्हती. पहिल्या दिवशी पिल्लाच्या पोटात बलकाचा अंश उरलेला असतो, त्यामुळे लगेच भरवताना दिसले नाही तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरट्याच्या काठावर उंचावलेल्या माना दिसल्या पाहिजेत. या काळात अंड्याचे खाणे पहाटेपासून थोडे थोडे आणि ताजे द्यावे लागते, नोकरी सांभाळून हे करणे कठीण जाते. सुट्टी याच आठवड्यासाठी राखून ठेवावी, अंड्यांच्या काळात ती वाया जाते. तीनपैकी एक पिल्लू तिसऱ्या दिवशी मेलेले आढळले. आईने ते खाली टाकले होते. मी फार वेळ हळहळले, पण घरट्याला हात लावला नाही.

रिंग चढवण्याचे काम सहाव्या दिवशी संध्याकाळी केले. पुढची तीन बोटे एकत्र धरून रिंगेतून ओढायची, मागचे बोट पायाला समांतर दुमडून रिंग त्यावरून सरकवायची आणि मग ते बोट अलगद मोकळे करायचे. पाय इतका लहान असतो की चष्मा लावूनही दोन वेळा श्वास रोखावा लागला. आई पहिले काही दिवस पिल्लांची विष्ठा स्वतः उचलून घरटे साफ ठेवते, आणि चमकणारी रिंग तिला घाण वाटली तर ती उचलताना रिंगेसकट पिल्लूही बाहेर फेकले जाते. म्हणून रिंगेवर कातडीच्या रंगाची पातळ चिकटपट्टी गुंडाळली होती. संध्याकाळ निवडण्याचे कारणही हेच, अंधार पडल्यावर तिची साफसफाई थांबते.

पिल्ले दोन आठवड्यांची झाली तेव्हा पिवळी पुन्हा तंतू शोधू लागली आणि मिळाले नाहीत तेव्हा तिने पिल्लांच्या पाठीवरची पिसे उपटायला सुरुवात केली. यात क्रूरपणा नसतो, तिला पुढच्या घरट्याचे अस्तर हवे असते. लगेच दुसरे भांडे व भरपूर तंतू दिले आणि पिल्ले अठराव्या दिवशी घरट्याबाहेर आली तशी मधली जाळी सरकवून त्यांना नराच्या बाजूला ठेवले. तो त्यांना नेटाने भरवत राहिला. पाचव्या आठवड्यापर्यंत भिजवलेले आणि अर्धवट कुटलेले दाणे दिले. कडक दाणे फोडायला पिल्लांना वेळ लागतो, आणि भरवणे लवकर थांबवले तर याच टप्प्यावर बरीच पिल्ले दगावतात.

मेमध्ये दुसरी वीण झाली, तीन अंडी आणि तीन पिल्ले. तिसरी होऊ दिली नाही. पिवळी तयार होती, पण तिचे वजन १९ ग्रॅमवर आले होते, म्हणून घरटे काढले, नर वेगळा केला आणि उजेड कमी केला. जुलैत पिसे गळायला लागली, जी परत यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि या काळातही अंड्याचे खाणे थोडेफार चालू ठेवावे लागते कारण नवी पिसे बहुतांशी प्रथिनांची बनतात.

रिंगांचे क्रमांक, जन्मतारखा आणि आई-वडिलांच्या रिंगा संघटनेच्या नोंदपत्रकात भरून पाठवल्या आहेत. त्यातला नर-मादीचा रकाना सध्या रिकामा आहे. ओळखीच्या अनेकांनी गाणारा नर मागितला आहे, त्या सर्वांना थांबायला सांगितले आहे. ही पिल्ले गुणगुणू लागून त्यांचे गाणे घट्ट होईपर्यंत नर कोण आणि मादी कोण हे नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही. हिरवट मादीची जोडी पुढच्या वर्षी लावणार नाही, आणि दिवा वाढवायला घेण्यापूर्वी नोव्हेंबरात दोघींची तपासणीची वेळ घेऊन ठेवली आहे.